बॅटरी ओट्यावर होती अन् पंप चालू झाला

आमी दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीचा पंप तपासणं. मी गाडीखाली, माही बायको शांता आत सिटवर, चाबी तिच्या हातात. वीस वर्षं हे काम आमी असंच केलं.

भूत, आत्मा, अंगात येणं... मी कधी मानलं नाई. गावात कोणाच्या अंगात आलं की मी उठून घरी जात होतो. नातीनं मोबाईलवर तुमच्या या ग्रुपवरचे लोकाइचे अनुभव वाचून दाखवले, तवाही हसलो. चौथी शिकलो, पण तेवढी अक्कल हाय. म्हणून जसं झालं तसंच लिहितो, मीठ-मिरची नाई.

आमचा मळा रिठदच्या अलीकडं, रोडले लागून. वांगे, पालक, मेथी. माल वाशीमच्या बाजारात न्यायले एक जुना छोटा ट्रक. त्याचा मूळचा पंप कवाच गेला, मंग मिस्त्रीनं करंटवर चालणारा बसवला. टाकीतलं डिझेल इंजिनाकडं ढकलते तो. त्याले पूर्ण करंट देला तं लवकर मरते, म्हणून मधात हातभर वेगळी वायर असते... रजिस्टन्सची. ती करंट अडवते अन् स्वतः तापते; गाडी पळताना वाऱ्यानं थंड राह्यते, उभ्या गाडीत लई वेळ चालू ठेवली तं जळते. चाबी फिरवली की पंप गुणगुणते, चाबी बंद केली की बंद.

मले कमी ऐकू येते, अन् गाडीखालून हाक मारली तर तिले आत ऐकू जात नव्हती. म्हणून आमचं ठरलेलं होतं. मी पान्यानं चेसिसवर दोनदा ठोकलं की तिनं चाबी फिरवायची. एकदा ठोकलं की बंद करायची. टाकीवर तळहात ठेवला की पंप चालते का नाई ते मले समजे.

त्या दिवशी दोनदा ठोकलं. पंप चालला, बरोबर चालला. तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून शेजाऱ्यानं हात केला. मी निघालो, त्याच्यासंगं विहिरीवर गेलो. चहा झाला, तंबाखू झाली. अर्ध्या तासानं परत आलो तं टाकीजवळ जळका वास, पंप मुका, अन् शांता भर उन्हात तशीच सिटवर बसलेली. चाबीवर हात.

"वायर जाळली ना! बंद काहून नाई केलं?"

"तुमी ठोकलं नाई."

"म्हणून अर्धा तास बसून राह्यली? अक्कल गहाण ठेवली का?"

"मागच्या खेपी ठोकायच्या आधी बंद केलं तं शिव्या देल्या. आता नाई केलं तरी शिव्या. काय ते एक ठरवा."

मी पाना फेकला अन् निघून गेलो. संध्याकाळी चुलीसमोर बसल्या बसल्या ती गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

घर माणसांनी भरलं. मले रडता येईना, म्हणून मी गाडीचंच बोलत होतो. तिचा भाऊ नामदेव आला, त्याले सगळ्याइसमोर म्हटलं, "तुह्या बहिणीनं जाता जाता माह्या गाडीची वायर जाळली." 

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून पैनगंगेवर जायचं होतं. पोरगा गजानन म्हणे, ऑटो सांगतो. मी म्हटलं, ती याच गाडीत बसत होती, तिले याच गाडीत नेईन.

"बाबा, सुतकात कोणी पाना धरते का?"

"मी धरतो. तू वायर आण."

त्यानं वाशीमहून आणली. दुकानदारानं सांगून पाठवलं होतं... साधी तांब्याची लावू नका, कापून छोटी करू नका, कथिलाचा डाग तिले धरत नाई, टोकं दाबूनच बसवा. जुनी वायर काढायले गेलो तं हातात भुगा झाला.

आता नीट वाचा. राख सावडायच्या आदल्या दिवशी, दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. बॅटरी मी सकाळीच काढून ओट्यावर चार्जिंगले ठेवली होती. गाडीखालून मले ती दिसत होती. चाबी माह्या बंडीच्या खिशात. गाडीत कोणी नाई. मी दोन्ही टोकं दाबून बसवली, अन् सवयीनं, काही मनात नसताना, पान्यानं दोनदा ठोकलं.

पंप चालू झाला.

तळहात टाकीवरच होता. पहिले वाटलं रोडवरून मोठी गाडी चालली. मान वळवून पाह्यलं, रोड रिकामा. नव्या वायरीले बोट लावलं... कोमट. पुन्हा लावलं, गरम. बॅटरीकडं पाह्यलं. ओट्यावरच होती.

मले भीती वाटली नाई. पण ठोकावंसं वाटेना. मी ठोकलं असतं तं ती उठून गेली असती. म्हणून तसाच पडून राह्यलो.  किती वेळ गेला माहीत नाई. शेवटी वायर इतकी तापली की बोट टेकवता येईना, अन् तोच जळका वास येऊ लागला.

मंग एकदा ठोकलं. बंद झाला.

बाहेर आलो. सिट पाह्यलं. सिटच होतं.

मिस्त्रीले विचारलं. "काका, बॅटरीशिवाय पंप चालत नाई. तुमाले डुलकी लागली असन." म्हटलं, मंग बोटाले फोड कशानं आला? तो म्हणे, उन्हात पत्रा तापते. तापत असन. पण पत्रा गुणगुणत नाई. मले आजही याचा उलगडा झाला नाई. तुमच्यात कोणी इलेक्ट्रिशियन असन तं सांगा, मी ऐकून घेईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी बसवली. गाडी एका झटक्यात चालू झाली. राख सावडून झाल्यावर नामदेवले पुढं बसवलं, त्याच्या मांडीवर मडकं. मागं सगळे पाहुणे उभे. इंजिन चालू ठेवूनच खाली उतरलो.

"ऐका," म्हटलं. "वायर शांतानं जाळली नाई. मी ठोकायचं विसरलो अन् चहा पित बसलो. ती उन्हात चाबी धरून माही वाट पाहत होती."

नामदेव हळूच म्हणाला, "भाऊजी, हे आता सगळ्याइच्या समोर कायले?"

"सगळ्याइच्या समोरच तिच्यावर ढकललं होतं," म्हटलं, अन् वर चढून गेअर टाकला.