वरीलप्रमाणे

साहेबांनी परिपत्रक काढलं: कर्मचाऱ्यांचं मनोबल वाढवायला तीन दिवसांचं प्रशिक्षण. रत्नागिरीच्या त्या उकाड्यात कसलं डोंबलाचं मनोबल वाढतंय! शेवटच्या दिवशी पुण्याहून आलेले प्रशिक्षक म्हणाले, वर्षभरानंतरच्या स्वतःला पत्र लिहा. वर्षाने मी ती टपालात टाकेन, तुमच्या कचेरीत पोचतील.

शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी डुलक्या घेत होता. माझंही तूच खरड, म्हणाला. त्याच्या डोक्यात एकच विषय, गुहागरला बदली. तिकडे आई अंथरुणाला खिळलेली, बायको एकटी करून दमलेली. तीन अर्ज देऊन झाले होते. मला मेली थट्टेची खोड. त्याच्या पत्रात लिहिलं, 'अजून याच खुर्चीत आहेस ना? इथून कुठे जायचा नाहीस तू.' मग माझा कागद घेतला. तोच मजकूर पुन्हा आला की आम्ही कारकून रकान्यात जे लिहितो तेच सवयीने लिहून टाकलं: वरीलप्रमाणे.

श्रावणात तो त्या खुर्चीतच गेला. भर दुपारी, हातात पेन. आम्हाला वाटलं, डुलकी लागलीय. चहा गार झाला तरी कोणी हाक मारली नाही, याची मला आजही लाज वाटते. माणसं कमी, म्हणून त्याचं टेबल माझ्याकडे आलं, खुर्चीसकट.

आलेलं टपाल नोंदवायचं काम माझंच. वर्ष भरलं आणि एका सकाळी गठ्ठ्यात त्याच्या नावाचं पाकीट निघालं. नोंदवहीत पाठवणाऱ्याच्या रकान्यातही त्याचंच नाव लिहावं लागलं.

त्याच आठवड्यात त्याची बायको कागदांवर सह्या करायला आली. टेबलावरच्या पाकिटावर तिने नाव पाहिलं आणि मी अडवायच्या आत पत्र वाचलंसुद्धा.

"अक्षर किती बदललं होतं यांचं," ती म्हणाली. मग हळूच, "भावोजी, यांना आधीच कळलं होतं का हो?"

मी लिहिलंय, एवढंच सांगायचं होतं.

"असेल, वहिनी."

पत्र तिने देवापुढे ठेवलंय म्हणे.

टपालात कुठेतरी रखडलेलं माझ्या नावाचं पाकीट काल आलं. आत एकच शब्द आहे, मला ठाऊक आहे. त्या खुर्चीत बसून ते फोडवेना. नोंद केली, पाकीट खणात टाकलं. मग बदलीचा अर्ज लिहिला, खेड, गुहागर, कुठेही चालेल म्हणून, आणि साहेबांच्या टेबलावर त्याचे तीन अर्ज पडून आहेत त्याच ट्रेमध्ये ठेवून आलो.