दरेकसाच्या तिसऱ्या कढईत

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सुपारी कातरायचं निमित्त करून उठणारा मी माणूस. तरी हे लिहितोय, कारण यात भूत नाहीच... असतं तर बरं झालं असतं, त्याच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

साल १९५५, फेब्रुवारीचा शेवट. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. मी तिथल्या एका राइस मिलमध्ये कारकून. मला पोहता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, आणि ते घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सकाळी माझा मेहुणा बापू बोदलकसाच्या तलावात बैल धुताना खोल पाण्यात गेला. मी काठावर, दुसऱ्या बैलाचा कासरा धरून. ओरडलो, शेतांतून माणसं धावली – उशीर झाला. एकोणीस वर्षांचा होता. सासऱ्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तुमी उतरले असते तं दोन मढे निघाले असते, जावईबापू." माझी बायको वच्छला, त्याची सख्खी बहीण, तिनेही कधी बोल लावला नाही.

तर सहल. मिलमधले दुबेबाबू भारी हौशी. "अरे चलो भाई, दरेकसा घूम के आते हैं. पुराना मंदिर है, नहाने के कुंड हैं." दुबेबाबू, त्यांची बायको, मी आणि वच्छला असे चौघे सकाळच्या पॅसेंजरने निघालो. दरेकसाच्या स्टेशनवर मंगरू ढिवर वाट पाहत होता. त्या जंगलाची वाट दाखवणारा तोच. कोसभर चालल्यावर देऊळ आलं – म्हणजे उरलेलं. चार कोरीव खांब, निम्मं दार, बाकी दगडांचा ढीग.

"कोणी बांधलं हे?" मी विचारलं.

"माहीत नाही, बाबू. आमच्या आज्यालेबी माहीत नव्हतं."

मला हा वाटाड्या आवडला. दुसऱ्या कोणी निदान एक राजा आणि दोन राण्या तरी जोडल्या असत्या.

देवळाखाली नाला खडकातून उतरतो आणि एकाखाली एक असे तीन गोल डोह झालेत. लोक त्यांना कढया म्हणतात. तिसरी सगळ्यांत खोल. मंगरूची तिथली एक रीत होती. "ज्याले पोहता येत नाही त्यानं हात समोर करा," म्हणाला, आणि पळसाच्या मुळ्या ठेचून काढलेल्या वाकाचा धागा मनगटाला बांधू लागला, म्हणजे कोणावर नजर ठेवायची ते त्याला कळे. दोघी बायकांनी बांधून घेतला. मीही. दुबेबाबू हसले. "हम तो नदी में ही बड़े हुए हैं."

दुबेबाबू पोहतही छान होते. मंगरू वर पानगे भाजायला निखारे करत होता. आणि तिसऱ्या कढईच्या मधोमध त्यांच्या पायात गोळा आला. एकदा वर आले, पुन्हा खाली गेले. त्यांच्या बायकोने किंकाळी फोडली. मी मंगरूला हाक मारली. एवढं मला नीट आठवतं.

त्यानंतर मी पाण्यात आहे. उडी मारली, घसरलो, काही आठवत नाही. हात चालताहेत, मला न विचारता. भीती नाही... मनात काय होतं सांगू? खिशातली तपकिरीची डबी भिजली असेल, एवढंच. मी दुबेबाबूंना मागून धरलं, हनुवटी वर ठेवली आणि ते भाताचं पोतं ओढत काठाला आणलं. मंगरूने दोघांना वर घेतलं. मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाला, "बाबू, तुमी तं लहानपणापासून पाण्यातले माणूस दिसून राहिले. मंग वाक कायले बांधून घेतला?"

मी हसण्यावारी नेलं. वच्छला हसली नाही. परतीच्या गाडीत अर्धा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती.

"तुमाले पोहता येते," ती म्हणाली.

"नाही गं. शपथ."

"मंग आज? अन् येत होतं तं बापूच्या येळी काऊन नाही गेले?"

माझं पोहणं तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढच्या रविवारी तिला घेऊन गोंदियातल्या तलावावर गेलो. कमरेला दोर, दोराला मिलचे दोन हमाल. उडी मारली आणि दगडासारखा तळाला गेलो. हमालांनी ओढून काढलं. पायरीवर पाणी ओकत मी वच्छलाकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

"बुडून जायचं सोंग तं कोनालेबी घेता येते," ती म्हणाली आणि घरी चालू लागली.

त्यानंतर संसार झाला. दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली. तिने तो विषय काढला नाही, फक्त पोळ्याच्या दिवशी माझ्याशी बोलत नसे. मी खूप जणांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, भीतीने अंगात बळ येतं. मान्य, पण बुडणाऱ्याला मागून धरायचं हे बळाने कसं कळेल? एक जण म्हणाला, कढईतल्या देवाची कृपा. मग तो देव बोदलकसाला कुठे गेला होता? मी फार चिडलो त्याच्यावर.

गेल्या वर्षी वच्छलाचं दुखणं वाढलं. एका दुपारी मी तिला चमच्याने पेज भरवत होतो. ती म्हणाली, "आता तरी सांगा."

तीस वर्षांवर मी नाहीच म्हणत आलो होतो. त्या दुपारी म्हणालो, "येत होतं. भ्यालो होतो."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "भेव तं लागतेच," म्हणाली आणि उरलेली पेज सगळी प्यायली. आठ दिवसांनी गेली.

तिचं समाधान व्हावं म्हणून मी खोटं बोललो, असं मुलींना सांगितलंय. पण बोलताना जीभ जराही अडखळली नव्हती... त्या दुपारी मी तिच्याशी खोटं बोललो, की त्याआधीची सगळी वर्षं, हे मला आज खरंच सांगता येत नाही.