फणीआक्का आणि माझी कात्री

फणीआक्काला मी कधी नुसतं बोलताना पाहिलं नाही. दोन वाक्यं झाली की तिचा उजवा हात कमरेला जायचा, तिथे खोचलेली लाकडी फणी बाहेर यायची आणि तिसरं वाक्य केसांतून फणी फिरवतच पुरं व्हायचं. नळाच्या रांगेत, वखारीच्या फाटकाशी, चुलीपुढे, एवढंच काय, कुणाच्या दुखवट्याला गेली तरी तिची फणी चालूच. शेवंता हे तिचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं होतं. नव्या माणसाला वाटायचं, काय ही बाई नटवी! आणि केस पाहावेत तर कानाच्या पाळीपर्यंतही धड न पोचणारे, कुठे आखूड, कुठे लांब, उंदरांनी पोतं कुरतडावं तसे. तो उंदीर मी होते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी बेळगावची, मराठी शाळेत शिक्षिका म्हणून निपाणीला आले आणि आक्काच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीत राहू लागले. निपाणीत नवं माणूस शिंकेवरून ओळखतात. गावभर तंबाखूच्या वखारी, त्यामुळे हवेतच भुकटी. पहिले दोन महिने मी फळ्याकडे तोंड करून शिंकायची आणि पोरं मागे शिंका मोजायची. आक्का वखारीत तंबाखू चाळायला जाई. संध्याकाळी परतली की तिच्या भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या असत. नवरा वारलेला, घरात म्हातारी सासू आणि सहा वर्षांची मंगल. मंगल माझ्याच वर्गात होती.

मी आले तेव्हा आक्काच्या डोक्यात जट होती. आमच्या सीमाभागात बाईच्या केसांत जट धरली की ती यल्लम्माची खूण मानत. मग तिथे फणी लावायची नाही, पाणी घालायचं नाही, कात्रीचं तर नावच नको. त्या बाईनं परडी घेऊन जोगवा मागत फिरायचं. आक्काच्या पाठीवर मनगटाएवढा जाड, दोरखंडासारखा कडक लोळ लोंबायचा. त्याला तंबाखूचा आणि घामाचा वास येई. मान दुखायची, झोपताना कूस बदलता येत नसे. एका रविवारी ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमच्याकडं शिवणाची कात्री हाय न्हवं?"

वखारीतल्या बायांच्या बैठकीत तिला कुणीतरी सांगितलं होतं, की ही देवी नव्हे, धूळ आहे, मळ आहे, न विंचरलेले केस आहेत. मी तर जन्माची उतावळी. माझी आई म्हणायचीच, "उतावळी नवरी, गुडघ्याला बाशिंग." पुढचा मागचा विचार न करता मी कात्री घेतली. जट कापायला तासभर लागला, कात्रीची धार गेली, माझ्या अंगठ्याला फोड आला. शेवटचा तुकडा खाली पडला तशी आक्कानं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात दारात सासू आली.

म्हातारीनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं गुपचूप जट उचलली, पिवळ्या फडक्यात बांधली आणि देव्हाऱ्यात ठेवली. मग गल्लीच्या बाया जमल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आईनं दिल्याली जट कापलीस. माझा ल्योक आदीच गेला, आता घरात काय ऱ्हायलंय? आई सोडायची न्हाय. जट परत आली तर मंगलच्या गळ्यात माळ घालून तिला देवीला सोडायची. मी सांगून ठेवते." पोरीला देवीला सोडणं, देवदासी करणं म्हणजे काय, हे त्या गल्लीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आक्का मात्र तिथल्या तिथे म्हणाली, "आन् न्हाय आली तर, आत्याबाई?"

"न्हाय आली तर कमरंइतकी वाढू देत. सरळ. मधी कात्री न लावता. कात्री लावलीस तर मी समजीन, जट आलती म्हणून कापली. कमरंला टेकली की मग मी तोंड उघडणार न्हाय."

"बास," आक्का म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून फणी घेऊन आली.

केस वाढवणं हे काम बसून होणारं असतं तर आक्काला ते जमलंच नसतं. बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. भाकरी खायची ती अंगणात फेऱ्या मारत. रोज वखारीतून आल्यावर रिठ्याच्या पाण्यानं डोकं धुवायची आणि त्यासाठी दोन घागरी जास्तीच्या आणायची. नळावर भांडणं व्हायची. "रोज न्हातीस, कुठं लगीन हाय तुजं?" असं बाया विचारायच्या. ही फणी फिरवत म्हणायची, "हाय की. माझ्या पोरीचं शाळंशी." न्हाऊन झालं की माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. "बाई, मागं बघा की जरा." मी भांग पाडून, बट उचलून मानेपर्यंत पाहायची. स्वतःच्या वहीत चूक शोधणाऱ्या पोरासारखी मी एकेक बट दोनदा उलटायची. कापली मी होती. जट परत आली असती तर मी त्या पोरीला पुन्हा तोंड कसं दाखवणार होते? "काही नाही," मी म्हणायची. "नीट बघितलंसा?" ती विचारायची. मी पुन्हा पाहायची.

पहिली दोन वर्षं वाईट गेली. केस बांधता येत नव्हते आणि मोकळे सोडवत नव्हते. आधी निवडुंगासारखे उभे राहिले, मग कानांवर आडवे पसरले, मग मानेवर त्यांच्या शेपट्या बाहेरच्या बाजूला वळल्या. त्यात मी एका बाजूला कमी आणि एका बाजूला जास्त कापलेले, ते तसेच वाढत होते. वाटेत पोरं चिडवायची. गावाकडचे पाहुणे आले की तिचं विधवेचं मुंडण केलंय समजून हळहळायचे. मला ते बघवत नसे. एकदा मी म्हणालेच, "आक्का, टोकं तेवढी सारखी करते. बोटभर. टोकं कापली की केस जोमानं वाढतात." ती कधी नव्हे ती रागावली. "कापून खोडवा उसाचा घेत्यात बाई, माझ्या डोस्क्याचा न्हाय. एकदा कात्री लागली तेवढी बास."

मापाचीही तिची एक रीत होती. दर मंगळवारी बट ओढून ती खाली कुठवर पोचते ते मंगलला विचारायची. पोरगी बोट लावून सांगायची, "खांदा, आई." "खांद्याच्या खाली दोन बोटं, आई." शाळेत मोजमापाचा धडा आला तेव्हा मंगलच सगळ्यात हुशार निघाली. म्हातारी देव्हाऱ्यापाशी बसून मिश्री लावत हे सगळं बघायची. ती दुष्ट होती असं मी तेव्हा समजत होते. आता तिच्या वयाच्या जवळ आल्यावर कळतं, की तरणा मुलगा गेलेलं ते माणूस फक्त भ्यालेलं होतं.

तिसऱ्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी बेळगावला गेले आणि इकडे आक्काला टायफॉईड झाला. मी परत आले तर ती वीस दिवस अंथरुणाला खिळलेली. मंगलनं पुढचे केस विंचरले होते, पण आईला कुशीवर वळवण्याएवढी ताकद तिच्यात कुठली? म्हातारीनं दिवसरात्र पेज पाजली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, केसांना मात्र हात लावला नाही. मी आक्काला उठवून बसवलं आणि मागे पाहिलं. डोक्याच्या मागच्या बाजूला लिंबाएवढा गुंता घट्ट बसला होता.

म्हातारीनं तो आधीच पाहिला होता. "येत्या मंगळवारी यल्लम्माला जायाचं," ती म्हणाली. मंगलच्या मापाचं हिरवं लुगडंही आणून ठेवलं होतं. ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी धावत खोलीत गेले, कात्री घेऊन आले. म्हटलं, कचकन काढून टाकते हा गोळा, म्हणजे प्रश्नच मिटला. तेवढ्यात म्हातारीची नजर कात्रीवर गेली. "म्हंजे जटच हाय ती!" ती ओरडली. "न्हायतर कात्री कशाला आणली असती? शाळंच्या बाईलाबी कळलंय, जट हाय!" दारात बाया जमू लागल्या. आतापर्यंत जो नुसता गुंता होता त्याची मी सगळ्यांसमोर जट करून ठेवली होती. मला तिथेच रडू फुटलं.

आक्काच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. भिंतीला धरून ती उठली आणि म्हणाली, "कात्री ठेवा बाई. फणी घ्या. मला भाईर कट्ट्यावर न्या. सगळ्यास्नी दिसू दे."

सकाळी नऊ वाजता मी कट्ट्यावर बसले. वाटीत खोबरेल तेल, हातात फणी आणि गोधडीची एक सुई. तेल जिरवायचं, सुईनं एक केस उचलायचा, सोडवायचा, मग दुसरा. म्हातारी समोर बसली होती. "सुटायची न्हाय. देवीची गाठ हाय," मधूनच म्हणायची. अकरा वाजले, बारा वाजले. गुंता निम्मासुद्धा सुटला नाही. माझी बोटं तेलानं घसरत होती, मी ओढत होते, केस तुटत होते आणि आक्काच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत होतं. "वडा बाई, वडा," एवढंच ती म्हणत होती. मंगल दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आजीकडेच पाहत राहिली.

एकच्या सुमाराला म्हातारी उठली. आता ही माझ्या हातातली फणी फेकून देणार, असं मला वाटलं. "असं वडत्यात व्हय?" ती खेकसली. "तोडाय लागलाय सगळी. सरका तिकडं." चाळीस वर्षं त्या बाईनं वखारीत तंबाखूची पानं सोडवली होती, शीर न मोडता, पान न फाडता. ती आक्काच्या मागे बसली. फणीला हातसुद्धा न लावता नुसत्या बोटांनी ती गुंत्याच्या कडेकडेनं फिरू लागली. तासाभरानं शेवटची बट मोकळी होऊन खाली आली, तशी गुंत्यातून पिवळी भुकटी म्हातारीच्या मांडीवर सांडली. तिनं ती बोटावर घेतली, नाकाशी नेली.

"धूळ हुती," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर तिनं त्या विषयावर शब्द काढला नाही. हिरवं लुगडं फाडून त्याचे मंगलला परकर शिवले. देव्हाऱ्यातलं पिवळं फडकं एका सकाळी दिसेनासं झालं. म्हातारीनं ते वेदगंगा नदीत सोडलं की चुलीत घातलं, हे आम्ही विचारलं नाही. आक्काचे केस कमरेला टेकले त्या मंगळवारी तिनं अंबाडा घातला आणि पुऱ्या गल्लीला गूळ वाटला. तरीही फणी तिच्या कमरेला राहिलीच. "दिलेला शबुद हाय," ती म्हणायची. "मंगल धाव्वी हुईपातूर कात्री न्हाय." हे म्हातारीनं कधीच मागितलं नव्हतं. आक्काचा जीवच कुठे टेकायला तयार नव्हता.

माझी बेळगावला बदली झाली. निपाणीच्या स्टँडवर मला सोडायला आली तेव्हाही ती बसच्या खिडकीखाली फणी फिरवत उभी होती. "बाई, मागं बघा जरा," ती म्हणाली. मी खिडकीतून वाकून पाहिलं. गुडघ्याकडे निघालेले काळेभोर, सरळ केस. "काही नाही," मी म्हणाले आणि बस सुटली.

तीन-चार वर्षांनी एका दुपारी ती माझ्या बेळगावच्या घरी आली. बरोबर मंगल, उंच, माझ्यापेक्षा धीट. दहावी पास होऊन नर्सिंगला प्रवेश घेऊन आलेली. म्हातारी आदल्या वर्षी गेली होती. चहा झाला. आक्का उभ्याउभ्याच प्यायली. कप ठेवला आणि म्हणाली, "बाई, ती कात्री हाय का हो अजून?"

"टोकं सारखी करायची?"

तिनं कानाच्या पाळीला बोट लावलं. "हितपातूर."

"अगं, इतके सुंदर केस!" मी ओरडलेच.

"मला केसांची हौस कदी हुती बाई?" ती हसली. "मान उकडती. डोस्कं दुखतंय. तुमी जट कापलीसा न्हवं, त्या दिशी डोस्कं इतकं हलकं झालतं! मी सांगणार हुते तुमास्नी. तवर आत्याबाई आल्या. धा वर्सं ऱ्हाऊन गेलं सांगायचं."

मी कापले. या खेपेला दोन्ही बाजू सारख्या केल्या. मंगलनं आईच्या मानेवरचे बारीक केस पदरानं झटकले. आक्कानं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, ती खुर्चीत पाठ टेकून बसली. पाच मिनिटं बसली असेल.

त्या दोघी गेल्यावर टेबलावर फणी दिसली. मी ती घेऊन दारापर्यंत धावले. आक्का वळणावर पोचली होती. तिनं मागे पाहिलं, फणी पाहिली, हातानंच "असू दे" म्हणून खूण केली आणि उघड्या मानेनं मंगलच्या बरोबरीनं चालू लागली. मी घरात आले. जमिनीवर पडलेले केस गोळा करायला वाकले आणि मला शिंक आली. मग दुसरी, तिसरी. निपाणीला नवी होते तेव्हा यायच्या तशा. मी तशीच जमिनीवर बसून शिंकत राहिले आणि रडत राहिले.