बायो चार

मानवजातीचे भवितव्य मातीतल्या अदृश्य जीवांच्या हाती आहे, असे आमच्या गावातल्या मेळाव्यात पाहुणे म्हणाले. त्या जीवांना हात नसतात, एवढे सोडले तर मला ते पटले.

पाहुणे भाताच्या जनुकांचे अभ्यासक. तुसाचा कोळसा, म्हणजे बायोचार, घातलेल्या मातीतल्या जंतूंशी कोणत्या भाताची मुळे जमवून घेतात, हे त्यांना पाहायचे होते. शेजारच्या सुमनवहिनीने सासूच्या वेळचे लाल भाताचे बी दिले. ते गावात दुसऱ्या कुणाकडे उरले नव्हते, आणि तिने होते तेवढे सगळे देऊन टाकले होते. रुजले नसते, तर तो भात संपला असता.

आमच्याकडे बाईला लाडाने बायो म्हणतात. "उद्या पेरायला बायोचार लागेल," असा पाहुण्यांचा वहिनीला फोन आला आणि ती चार बायका घेऊन शेतावर हजर झाली.

"अहो वहिनी, मी कोळसा म्हणत होतो."

"मग कोळसा म्हणा की. आता या चौघींना चहा पाजा."

पुढे लावणीसाठी भाताच्या रोपांचा तरवा उपटताना मी एक रोप हातात धरून बराच वेळ पाहत राहिलो. मुळांच्या केसांनी कोळशाचे कण घट्ट धरले होते, आणि त्या कणांत दिसत नाही असे कुणीतरी शाल-श्रीफळाविना राबत होते. आपण आयुष्यभर अशा किती जणांच्या कष्टावर जेवतो, आणि आभार मात्र वाढणाऱ्याचे मानतो.

कापणीनंतर वहिनीने आधी बी बाजूला काढले, मग उरलेल्या तांदळाची पेज करून मला पाठवली. मीठ कमी होते.