दत्तोबाच्या चार्जरचा काटा हलेना

चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला दत्तोबाचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं आणि त्याला खेटून माझं सायकलचं. माणूस कामाला चोख, पण देवभोळा इतका, की नवा पाना आणला तरी आधी त्याला कुंकू लावायचा. मी चिडवायचो, तो हसून सोडून द्यायचा. छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात त्यानं जुना चार्जर मोडीत घालून नवा आणला. नारळ फोडला, तेलात कालवलेला शेंदूर यंत्राला मनसोक्त फासला, आणि त्याच संध्याकाळी शौकतच्या टॅक्सीची बॅटरी पहिली म्हणून चार्जिंगला लावली.

दुसऱ्या दिवशी पुण्यात त्या टॅक्सीचं पासिंग होतं. दुपारी दोनच्या आत गाडी आरटीओच्या साहेबापुढं उभी करायची, दिवे लागले पाहिजेत, हॉर्न वाजला पाहिजे. आधीच्या दोन तारखा हुकल्या होत्या. ही हुकली तर परमिट रद्द, असं शौकतला बजावलं होतं. घरात खाणारी सहा माणसं आणि कमावणारी ती एकटी टॅक्सी.

सकाळी नऊला तो बॅटरी न्यायला आला. दत्तोबानं तिला दिवा जोडून बघितला, तर दिवा पेटेचना.

"तुझी बॅटरीच गेलीय शौकत, नवी घ्यावी लागंल."

"अवो, मागल्या साली तुमीच तर नवी घ्यायला लावली! आता दोन वाजायच्या आत कुठनं आणू?"

दत्तोबानं दुसऱ्या गिऱ्हाइकाची बॅटरी लावून पाहिली. चार्जरचा काटा शून्यावरच. म्हणजे बॅटरी निर्दोष, आणि रात्रभर दुकानात काहीच चार्ज झालेलं नव्हतं. त्याचं तोंड उतरलं.

फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत. चार्जरमधला दिवा पेटत होता, म्हणजे वीजही येत होती. वायरी हलवून, पिळून झाल्या. काटा ढिम्म. यंत्र मुंबईला परत पाठवायचं तर पंधरा दिवस गेले असते. शौकत रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता, दर फेरीला आत डोकावत होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

दहा वाजले. दत्तोबा मारुतीचं नाव पुटपुटायला लागला तसा मी भडकलो. "मारुतीला कशाला बोलावतोस? तो काय वायरमन आहे?"

"तू गप रं! माझं डोकं चालंना." त्यानं हातातला चार्जरच्या वायरीचा चिमटा खाली टाकून कपाळाचा घाम पुसला. कपाळावर लालभडक पट्टा उमटला.

आम्ही दोघांनीही चिमट्याकडे पाहिलं. बॅटरीला जोडताना अधिकची बाजू चुकू नये म्हणून तो चिमटा मुळातच लाल रंगवलेला. त्यावर शेंदूर चढलेला कुणाला दिसणार? दातांवर त्याचं पक्कं पुट बसलं होतं. दत्तोबानं कानशीनं दात खरवडले, धातू उघडा केला, चिमटा लावला. काटा टुणकन सहावर गेला.

साडेअकराला शौकत बॅटरी घेऊन पळाला. एवढ्या चार्जिंगवर हॉर्न वाजेल का, हे दत्तोबालाही ठाऊक नव्हतं. दुपारी तो जेवला नाही. रस्त्यावर मोटार वाजली की उठून उभा राहायचा, मग पुन्हा बसायचा.

चारला टॅक्सी आली. शौकत हसत उतरला आणि त्यानं दत्तोबाचे दोन्ही हात धरले. "झालं पासिंग! तुमच्यामुळं वाचलो, दत्तोबा."

मी शौकतच्या मागून दत्तोबाला डोळ्यानं खुणावत होतो, गप्प बस म्हणून. आजही त्याची लाज वाटते.

"माझ्यामुळंच अडकला हुतास," दत्तोबा म्हणाला. "बॅटरी चांगली हाय तुझी. मीच चिमट्याला शेंदूर लावला, अन् वर तुझ्याच बॅटरीला नावं ठेवली."

शौकतचं हसू मावळलं. त्यानं हात सोडले आणि तिथंच पायरीवर बसला. मग उठून त्यानं टॅक्सीतली बॅटरी काढली आणि दत्तोबापुढं ठेवली, "आता पुरी चार्ज करून द्या."