पोटकलम आणि डागडुजीचा मंत्र

त्याला ऑफिसात, घरात आणि रविवारच्या खेळात, तिन्ही ठिकाणी पोटकलम म्हणत. गंमत म्हणजे हे नाव तिन्ही ठिकाणच्या माणसांनी एकमेकांना न विचारता ठेवलं होतं.

घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात तो बसायचा. बंद पडलेले मिक्सर, तडे गेलेल्या इस्त्र्या त्याच्यापुढे यायच्या आणि दोष कंपनीचा की गिऱ्हाइकाचा, हे तो ठरवायचा. बहुतेकदा गिऱ्हाइकाचाच निघायचा. ‘इस्त्री पडली’ असं कुणी म्हणालं की तो मान वर न करता विचारायचा, “पडली, की पाडली?” समोरचा गोंधळला की ‘चुकीची हाताळणी’ हे दोन शब्द लिहून काम संपायचं. यात त्याला दुष्टपणा वाटत नसे. नियम वाचणं हे त्याच्या लेखी गाणं ऐकण्यासारखं होतं. नीट कान दिला तर कुठेतरी एखादी बारीक जागा सापडतेच.

घरी हे चालत नसे. “नळ गळतोय,” बायको म्हणायची. “गळत नाही, ठिबकतोय,” तो म्हणायचा. “बरं. मग गळायला लागेपर्यंत खालची बादली तुम्हीच उपसा,” म्हणून ती निघून जायची.

रविवारी दुपारी मात्र जेवणाचं टेबल पुसलं जाई आणि त्यावर फासे येत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट सांगायची, आणि वार लागला की चुकला ते फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. गोष्ट सांगायचा मेहुणा. तो दातांचा डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात सगळी माणसं तोंड उघडं ठेवून गप्प बसत, त्यामुळे उलट बोलणाऱ्या माणसांची त्याला सवयच नव्हती. शेजारचा बेकरीवाला एका जाडजूड साधूचं पात्र घेऊन खेळायचा. पोटकलमाची लेक तलवारवाली लढवय्यी होती आणि पोटकलम स्वतः जादूगार.

पण हा जादूगार आगीचे गोळे वगैरे फेकत नसे. त्यात काय अक्कल लागते? कुलूप उघडायचा मंत्र त्याने एकदा पहारेकऱ्यांच्या पट्ट्यांवर टाकला आणि राजवाड्याचं अख्खं रक्षकदळ एका हाताने विजार सावरत लढलं. एकदा त्याने एक चिमणी दरोडेखोरांच्या तळावर उडत पाठवली आणि बरोबर वर पोचल्यावर तिचा पाणघोडा केला.

“पडण्याची इजा उंचीवर मोजतात,” तो पुस्तकावर बोट ठेवून म्हणाला.

“ती पडणाऱ्याला होते, दाजी,” मेहुणा म्हणाला. “खालच्यांचं काय?”

“खालच्यांना कमी होईल असं कुठे लिहिलंय? आणि पाणघोड्याचं वजन बघ ना जरा. विज्ञान म्हणून काही आहे की नाही?”

विज्ञान त्याला पाणघोड्यापुरतं हवं असे. बेकरीवाल्याचा साधू विहिरीत बुडत होता, तेव्हा तो बिचारा म्हणाला होता, “माझा साधू लठ्ठ आहे, तरंगेल की.” त्यावर पोटकलमाने शांतपणे सांगितलं होतं, “तरंगण्याचं कलम पुस्तकात नाही.” साधू गेला. बेकरीवाल्याने दुसरा, त्याहून लठ्ठ साधू तयार केला आणि त्याला पोहायला शिकवून आणलं.

हे सगळे लोक त्याला का सहन करत होते, कोण जाणे. तो मात्र का खेळत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लेक शिकायला वसतिगृहात गेल्यापासून फक्त रविवारी यायची, तीही खेळासाठी. फोनवर ती ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठेवते’ एवढंच बोले. टेबलावर मात्र ती त्याच्याशी भांडायची, टाळ्या द्यायची, “बाबा, मागे व्हा, मी आहे पुढे!” असं ओरडायची. आणि तिने एकदा स्वच्छ सांगितलं होतं, “माझी लढवय्यी मेली की माझा खेळ संपला. परत पहिल्यापासून नवीन पात्र वाढवायला मला वेळ नाही.” तेव्हापासून जादूगाराचे निम्मे मंत्र त्या लढवय्यीला जपण्यात खर्च होत.

त्या रविवारी मेहुण्याने दगडी राक्षस काढला. दुसऱ्याच फटक्यात लढवय्यी खाली पडली. जिवाचे पॉइंट शून्य.

खाली पडलेला लगेच मरत नाही. आपल्या पाळीला तो फासा टाकतो. आकडा मोठा आला तर जगण्याकडे एक पाऊल, लहान आला तर मरणाकडे. ज्या बाजूची तीन पावलं आधी पुरी होतील, त्या बाजूने निकाल. पाळ्या फिरत राहिल्या आणि लेकीची दोन्हीकडे दोन-दोन पावलं झाली. बेकरीवाल्याच्या साधूकडे औषध होतं, पण तो दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. आता पाळी जादूगाराची, आणि मग तिचा शेवटचा फासा.

“बाबा, तुम्ही राक्षसाला अडवा,” लेक म्हणाली. “मी टाकते फासा. येईल मोठा.”

“आणि नाही आला तर?”

“तर नाही आला.”

ही वाक्यरचना पोटकलमाला मुळीच पसंत नव्हती. “थांब. मी आहे ना,” तो म्हणाला. ऑफिसात हे वाक्य त्याने आजवर कुणालाही म्हटलेलं नव्हतं. मग त्याने पुस्तक ओढलं. पानं उलटताना त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत गेला आणि मेहुण्याने राक्षसाचा कागद जवळ ओढून घेतला.

“माझ्याकडे डागडुजीचा मंत्र आहे,” पोटकलम म्हणाला.

“तो फाटक्या पिशव्यांसाठी असतो, दाजी. मोडक्या चाकांसाठी.”

“मोडलेली कुठलीही वस्तू. बरोबर? आता ती जिवंत आहे, म्हणजे वस्तू नाही. पण मेलेलं शरीर वस्तू धरावं, असं मागच्या भागात लिहिलंय.” त्याने सगळ्यांकडे पाहिलं. “म्हणून मी माझा सुरा काढतो आणि तिला मारतो.”

बेकरीवाल्याच्या हातातला फासा खाली पडला आणि कुणीही त्याचा आकडा पाहिला नाही.

“कुणाला?” लेकीने विचारलं.

“तुला. क्षणभरच गं. लगेच जोडतो.”

“साहेब, पोरीला?” बेकरीवाला म्हणाला.

“तांत्रिकदृष्ट्या,” पोटकलम म्हणाला.

मेहुण्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बरं. बेशुद्ध माणसाला वार लागतोच. ती मेली. पुढच्या पाळीला?”

“डागडुजी.”

“काय मोडलंय?”

“बरगडी. आणि सुऱ्याची चीर.”

“एका वेळी एकच.”

“मग चीर.”

“बुजली,” मेहुणा म्हणाला. “खूणसुद्धा राहिली नाही.”

“आणि ती?”

“ती वस्तू आहे, दाजी. तुम्हीच म्हणालात. उत्तम स्थितीतली वस्तू.”

पोटकलमाने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. मेहुण्याच्या ओळखीचं दृश्य होतं ते. स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, “चुकीची हाताळणी.” आणि परत आत गेली.

लेकीने समोरचा कागद उचलला. त्यावर तिने स्वतः काढलेलं लढवय्यीचं चित्र होतं. एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा झाला होता आणि तो तिने तसाच ठेवला होता. कागद घडी करून तिने बॅगेत टाकला. “फासा टाकू द्यायला हवा होतात, बाबा,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं. ती चपला शोधू लागली.

पोटकलमाने पुस्तक पुन्हा ओढलं. पात्र मेलेल्या खेळाडूने खेळ संपेपर्यंत थांबावं, असं एखादं कलम कुठेतरी असणारच. त्याने सूची पाहिली, तळटिपा पाहिल्या, अगदी छापखान्याचं पानही पाहिलं. बेकरीवाला आणि मेहुणा त्याच्याकडे बघत होते. एक चप्पल सापडली होती, दुसरी टेबलाखाली त्याच्याच पायाशी होती. त्याने ती बाहेर सरकवली नाही.

“नियम नाहीये,” शेवटी पुस्तक मिटून तो म्हणाला. “तू थांब.”

“का?”

“असंच.”

पोटकलमाच्या तोंडी ‘असंच’ ऐकून बेकरीवाल्याला ठसका लागला. लेक एका चपलेवर तशीच उभी राहिली. मेहुण्याने राक्षसाचे फासे तिच्याकडे ढकलले. “मला सकाळपासून दाढा उपटून हात दुखतोय,” तो म्हणाला. रविवारी त्याचा दवाखाना बंद असतो, हे कुणीच बोललं नाही. “हा राक्षस तू खेळतेस का?”

ती पुन्हा बसली. या वेळी बापाच्या शेजारी नाही, समोर. राक्षसाचा कागद तिने नीट वाचला, शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला.

“राक्षस जागचा हलत नाही,” ती म्हणाली. “नुसता हात पुढे करतो आणि जादूगाराची मानगूट पकडतो.”

“अशक्य! जादूगार खांबामागे आहे,” पोटकलम उसळला. “तिथून इथपर्यंत त्या हाताची लांबी...”

सगळे त्याच्याकडे बघत होते. लेकीने एक भुवई वर केली. तिचा एक पाय अजून चपलेत होता.

“भरपूर आहे,” तो म्हणाला.