डाव्या हातातली गिरणी

आल्या आल्या ती डावं मनगट कानाला लावायची. क्षणभर डोळे मिटून ऐकायची आणि मग तोच हात माझ्यापुढे करून म्हणायची, "बघ गं सिस्टर, गिरणी चालू हाय का."

मी सिस्टर नव्हे, डायलिसिसची टेक्निशियन. पहिल्या महिन्यात मी तिला हे चार-पाचदा सांगितलं, मग नाद सोडला. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. ती कासारीण. माहेर नांदगावचं, बांगड्यांचा गाळा नाशिकला, सातपूरच्या बाजारात. पहिल्या दिवशी मी तिची नाडी बघायला हात धरला, तर तिनेच माझा हात उलटा पकडला, अंगठ्याची गाठ दाबली, बोटं जुळवून बघितली आणि म्हणाली, "दोन-चारचं माप. हाडं मऊ हायेत. तुला बांगडी भरायला काय कष्ट नाय." सुई टोचायला आलेल्या बाईला असं मापात घेणारा पेशंट मी तोवर पाहिला नव्हता.

तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास ती आमच्या मशीनला बांधलेली असायची. अशा माणसाच्या मनगटाजवळ छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. मग त्या शिरेतून रक्त इतक्या जोरात धावतं की बोट ठेवलं तर थरथर लागते आणि कान लावला तर घरघर ऐकू येते. आम्ही त्याला फिस्टुला म्हणतो. तिची गिरणी ती हीच. त्याच शिरेत सुया घालून रक्त मशीनमध्ये घ्यायचं, धुवायचं, परत द्यायचं. उजव्या हाताच्या शिरा आधीच्या सलाइनींनी खराब झाल्या होत्या, त्यामुळे डावा हात हाच तिचा एकुलता एक आधार होता. डॉक्टरांनी तिला ते स्पष्ट सांगितलं होतं. ही बंद पडली तर दुसरी करायला जागा नाही.

ऑपरेशननंतर शीर फुगावी म्हणून आम्ही पेशंटला रबरी चेंडू देतो, दिवसभर दाबायला. तिने तो चेंडू हातात घेऊन सगळीकडून बघितला आणि मला परत दिला. "जन्मभर बायांचे हात दाबले मी. मला चेंडू कशाला?" आणि खरंच, इतकी सुरेख फुगलेली शीर आमच्याकडे दुसऱ्या कुणाची नव्हती.

पण त्या हाताचे नियम कडक. घड्याळ नको, वजन नको, बीपीचा पट्टा नको, आणि बांगड्या तर अजिबात नकोत. आता तुम्हीच विचार करा, कासारणीचा डावा हात मोकळा! गाळ्यावर आलेल्या बायका आधी तिच्या हाताकडे बघायच्या, मग कुंकवाकडे, मग हळूच विचारायच्या, "मालक आहेत ना?"

"आहेत की," ती म्हणायची. "कारखान्यातनं पाळी करून आलेत नि घोरत पडलेत. बोलवू का?"

हे ती आम्हाला हसत हसत सांगायची, पण सांगून झालं की उजव्या हातातल्या बांगड्या उगाच वरखाली करत बसायची.

एकदा गाळ्यावर भरता भरता बांगडी पिचली आणि काच तिच्या उजव्या बोटात गेली. (पिचली हा माझा शब्द. ती कधीच पिचली, फुटली म्हणत नसे. "वाढवली म्हण गं," म्हणून मलाही दटावायची.) एवढीशी चीर, पण दुपारभर रक्त थांबेना. शेजारच्या भाजीवाल्या बायका घाबरून गेल्या. दुसऱ्या दिवशी बोटाला भलं मोठं गाठोडं बांधून आली आणि मला म्हणाली, "मला नीट समजाव. माझं रक्त थांबत का नाय?"

मी समजावलं. मूत्रपिंडं काम करत नाहीत, म्हणून घाण रक्तातच राहते. त्या घाणीत रक्त थांबवणाऱ्या पेशी, प्लेटलेट, सुस्त होतात, एकमेकींना धरत नाहीत. त्यात मशीनच्या नळ्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून आम्ही दर वेळी औषध देतो, त्याचाही असर.

"मग गिरणीची भीती कशाला घालता? रक्त थांबतच नाय तर गिरणी कशी बंद पडंल?"

"तेच तर वाईट आहे, मावशी. कापलं तर थांबत नाही, पण त्या शिरेवर दाब आला, धार मंदावली की तिथंच गोठतं. ह्या आजारात दोन्ही होतं."

तिने बोटाचं गाठोडं उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या सासूबाईंसारखं. बोलू नये तिथं बोलणार, नि बोलायला पायजे तिथं तोंड शिवून बसणार." सगळा हॉल हसला. हसणं ओसरल्यावर मात्र ती नळ्यांकडे बघत हळूच म्हणाली, "दोन्हीकडनं अडकवलंय गं मला."

दोन वर्षांत ती माहेरी सलग दोन रात्री राहिली नव्हती. शुक्रवारी सुटली की सोमवार दिसायला लागायचा.

मग तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा नांदगावचाच, लग्नही तिथेच, शुक्रवारी. शुक्रवारचं डायलिसिस शनिवारी घ्यायचं, असं आम्ही ठरवून दिलं. बुधवारी सुया काढल्यावर ती उठेना. माझा हात धरून बसली.

"उद्या चुडा भरायचाय. पोरीला मीच भरणार. पण नवरीची आई, नि ती कासारीण, नि एक हात मोकळा? व्याह्यांच्या बायका काय म्हणतील? एकच दिवस गं. मोजून सहा बांगड्या."

मी नाही म्हणायला हवं होतं. दोन वर्षं मी तेच म्हणत आले होते. त्या दिवशी मला तिच्या तोंडाकडे बघून ते जमलं नाही. डॉक्टरांना न विचारता मी म्हटलं, "ढिल्या भरा. आणि हात जरा जरी सुजला तरी लगेच काढा."

"ढिल्या भरते," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी ती नवऱ्यासोबत गाडीतून उतरली. हळद अजून नखांत होती. हिरवा चुडा डाव्या मनगटात रुतलेला, हात कोपरापर्यंत सुजलेला. तिने मनगट कानाला लावलं नाही. मी तिला पलंग दाखवला.

झालं होतं ते असं. जावेने भरायला दोन-सहाच्या बांगड्या घेतल्या, तर हिनेच त्या परत ठेवायला लावल्या. ढिली बांगडी हातात घालून लोकांसमोर मिरवणं तिच्या धंद्यात बसेना. "दोन-चारच्या भर," म्हणाली. संध्याकाळपर्यंत बसल्या छान. मग पाहुण्यांबरोबर पाणी, सरबत, खारट जेवण. डायलिसिस चुकलेलं, ते पाणी जाणार कुठे? लग्नाच्या दिवशी हात फुगला. साबण लावला, तेल लावलं, बांगडी गाठीवरून सरकेना. नाशिकमधल्या निम्म्या बायकांच्या हातातून तिने एकही न पिचवता बांगड्या काढल्या असतील, पण स्वतःच्या हातावर तिचा एकच हात चालत होता. जाऊ त्या वाढवायला निघाली, तर हिने हात मागे घेतला. एक तर मांडवात आईचा चुडा वाढवायचा नाही. आणि त्याच शिरेवर काच लागली असती तर? बोटाची चीर दुपारभर थांबली नव्हती. ठेवल्या तर गोठणार, काढल्या तर वाहणार. ती तशीच बसून राहिली. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या त्या उजव्या हाताने.

मी एकेका बांगडीखाली गॉजची पट्टी सरकवली आणि चिमट्याने दाबून एकेक वाढवली. दर आवाजाला ती डोळे घट्ट मिटायची. सहाही निघाल्या. काच कुठेच लागली नाही, रक्ताचा एक थेंब आला नाही. मग मी तिथे बोट ठेवलं. मनगटापासून कोपरापर्यंत ठेवत गेले. शीर दोरीसारखी कडक लागली.

"बंद हाय ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

डॉक्टर आले. बघून चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. उघडायचा प्रयत्न करण्याची वेळही निघून गेली होती. "बांगड्या घालायला तुम्हाला सांगितलं कोणी?" त्यांनी विचारलं. मी पलंगाच्या पायथ्याशी काचा गोळा करत होते. माझे हात थांबले.

"माझा धंदाच तो, साहेब," ती म्हणाली. "मला कोण सांगणार?"

माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना स्वतः जाऊन सांगितलं. ते मला बोलले, आणि मला हलकं वाटेल असं वाटलं होतं तसं काही झालं नाही.

त्यानंतर तिच्या गळ्यात नळी बसवली आणि डायलिसिस त्या नळीतून सुरू झालं. अशा नळीतून जंतू शिरायची भीती कायम असते, आणि शेवटी तेच झालं. पावसाळ्याच्या तोंडाला थंडी वाजून ताप आला. घरच्यांनी परस्पर दुसऱ्या दवाखान्यात हलवली, तिथून ती परत आली नाही. सोमवारी तिच्या नवऱ्याचा फोन आला, तेव्हा मी तिचं मशीन लावून तयार ठेवलं होतं.

पण मला ती आठवते ती त्याच्या आधीच्या एका शुक्रवारची. गळ्यात पट्टी, चेहरा उतरलेला, आणि डाव्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या. दोन-सहाच्या, ढिल्या. मी बघतच राहिले.

"आता ह्या हाताला कोण ओरडतंय?" ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझा हात ओढून घेतला, सवयीने गाठ दाबली. "रडू नको. तू ढिल्या भर म्हणाली होतीस. चारच्या मी मागितल्या."

चार तासांनी मशीन सुटलं. दाराशी जाऊन ती थांबली, मागे वळली. डावं मनगट कानाला लावलं आणि हात हलवला. बांगड्या सगळ्या हॉलभर वाजल्या.

"चालू हाय गं," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या मागे जिना उतरून गेली.